तेरा आठवड्यांची नर्स

आजचा विषय अमेरिकेतला आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. म्हणजे अर्ध्या तासाने कुणी 'आपल्याकडचं कधी येणार?' असं विचारायला नको. आपल्याकडचं येईल, पण जिथे खरोखर संबंध आहे तिथेच.

अमेरिकेत 'ट्रॅव्हल नर्स' नावाचा प्रकार आहे. आपण तिला फिरतीवरची नर्स म्हणू. ही कुठल्याच हॉस्पिटलची नोकर नसते. एजन्सीशी तेरा आठवड्यांचा करार करायचा, गाडीत सामान भरायचं, आणि हजार मैलांवरच्या कुठल्यातरी गावात जाऊन तिथल्या हॉस्पिटलच्या आयसीयूत रुजू व्हायचं. आठवड्याला बारा-बारा तासांच्या तीन पाळ्या, बहुतेकदा रात्रीच्या. तेरा आठवडे संपले की करार वाढवायचा, नाहीतर पुढचं गाव. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं.

कोविडच्या काळात या नर्सेस अचानक जगभर बातम्यांत आल्या. त्यांचे पगार ऐकून लोकांनी तोंडात बोटं घातली. आणि सगळ्यांनी असं गृहीत धरलं की हे काहीतरी नवीन आहे, महामारीने जन्माला घातलेलं. माझं आज म्हणणं एवढंच आहे की हे नवीन नाही. उलट हॉस्पिटलच्या पगारावर कायम असलेली नर्स, हीच अमेरिकेच्या इतिहासात तशी अलीकडची गोष्ट आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत अमेरिकेत शिकून बाहेर पडलेली नर्स हॉस्पिटलमध्ये नोकरी करत नसे. हॉस्पिटलमधलं बहुतेक काम विद्यार्थिनी करायच्या. नर्सिंग स्कूल काढायचं आणि मुलींना शिक्षणाच्या बदल्यात वॉर्डात राबवायचं, हा हॉस्पिटलचा हिशेब होता. तीन वर्षं पूर्ण झाली की मुलगी बाहेर, आणि नवी तुकडी आत. मग बाहेर पडलेल्या मुलीने काय करायचं? तिने 'रजिस्ट्री'त नाव नोंदवायचं. पुण्या-मुंबईत घरी आजारी माणूस असला की आपण ब्युरोला फोन करतो, ब्युरो बाई पाठवतं आणि आपलं कमिशन कापतं, अगदी तसंच. रजिस्ट्री तिला पेशंटच्या घरी पाठवायची. पेशंट बरा झाला, किंवा गेला, की काम संपलं. पुढचं बोलावणं येईपर्यंत टेलिफोनपाशी बसून राहायचं.

1928 साली मे आयर्स बर्जेस यांनी एका समितीसाठी या व्यवसायाची मोठी पाहणी केली. त्यातून दिसलं की शहरांमध्ये अशा नर्सेसची गर्दी झाली आहे आणि कित्येकींना काम नाही. लगेच पुढच्या वर्षी मंदी आली. घरी नर्स ठेवण्याची ऐपत असलेली कुटुंबंही हात आखडून बसली. तेव्हा कुठे हॉस्पिटलांनी शिकलेल्या नर्सेसना पगारावर घ्यायला सुरुवात केली, कारण त्या आता स्वस्तात मिळत होत्या. सुरुवातीला काही ठिकाणी तर राहणं-जेवण आणि वर थोडेसे पैसे, एवढ्यावर. स्टाफ नर्सचा जन्म हा असा, नाइलाजातून झालेला आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे 'निष्ठा' हा शब्द फार येणार आहे.

मग युद्ध आलं. 1943 साली सरकारने कॅडेट नर्स कोअर काढली, शिक्षण फुकट दिलं, आणि तिच्यातून सुमारे 1,24,000 नर्सेस शिकून बाहेर पडल्या. युद्ध संपल्यावर 1946 मध्ये हिल-बर्टन कायदा झाला. आजच्या विषयातलं 'कम्युनिटी हॉस्पिटल' समजून घ्यायचं तर हा कायदा महत्त्वाचा. केंद्राचा पैसा आणि गावाचा पैसा मिळून छोट्या-छोट्या गावांत हॉस्पिटलं बांधायची, हजार माणसांमागे साडेचार खाटा असायला हव्यात, असं ते धोरण. 1975 पर्यंत अमेरिकेतल्या जवळपास एक तृतीयांश हॉस्पिटलांना या योजनेचा पैसा लागलेला होता. इमारती झाल्या. खाटा आल्या. पण खाटेशेजारी उभं कोण राहणार, याची तरतूद त्या कायद्यात विटा-सिमेंटइतकी ठोस नव्हती. 1965 साली मेडिकेअर आलं, म्हाताऱ्या माणसांच्या हॉस्पिटलचा खर्च सरकार देऊ लागलं, आणि त्या खाटा भरल्या.

आता आयसीयूकडे वळू. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे.

आयसीयू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर यंत्रं येतात. व्हेंटिलेटर, मॉनिटर, टकटक, बीपबीप. पण आयसीयूची मूळ कल्पना यंत्राची नाहीच, ती नजर ठेवण्याची आहे. 1952 साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं दाखल होत होती आणि श्वास चालू ठेवणारी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घशात छेद घेऊन नळी घातली आणि रबरी फुगा हाताने दाबून श्वास देण्याची पद्धत वापरली. फुगा दाबणार कोण? दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे? तर सुमारे पंधराशे विद्यार्थी, बहुतेक मेडिकलचे, पाळ्या लावून बसले. त्यांना त्याचे पैसे मिळत होते. गंमत बघा, अतिदक्षता विभागाचा पहिला प्रयोगच बाहेरून आणलेल्या, पाळीवर पैसे घेणाऱ्या हंगामी माणसांच्या हातांनी झाला. पुढच्याच वर्षी इब्सेनने कायमचा विभाग उभा केला.

अमेरिकेतली कथा हृदयविकाराच्या बाजूने जाते. 1962 साली कॅन्सस राज्यातल्या कॅन्सस सिटीत बेथनी हॉस्पिटलमध्ये डॉ. ह्यूज डे यांनी हृदयरोग्यांसाठी वेगळा विभाग काढला. त्याच सुमारास फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर यांनीही. अडचण साधी होती. हार्ट अटॅकच्या पेशंटचं हृदय अचानक लय सोडतं आणि तीन-चार मिनिटांत मेंदू जातो. विजेचा झटका द्यायचं यंत्र हाताशी आहे, पण ते डॉक्टरच वापरणार, आणि डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर किंवा घरी झोपलेले. तो धावत येईपर्यंत खेळ संपलेला. मग या विभागांनी तेव्हाच्या मानाने फार धाडसी पाऊल उचललं. पडद्यावरची लय ओळखायला नर्सला शिकवलं, आणि झटका देण्याचा अधिकार तिलाच दिला. डॉक्टर आणि नर्स यांच्यातली जुनी भिंत इथे पहिल्यांदा नीट तडकली. 1969 मध्ये अशा विभागांतल्या नर्सेसची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना झाली, आणि पुढे तिचं सगळ्या क्रिटिकल केअर नर्सेसच्या संघटनेत रूपांतर झालं.

याचा परिणाम असा की आयसीयूची नर्स ही सहज बदलता न येणारी व्यक्ती बनली. जनरल वॉर्डात एखादी सिस्टर आली नाही तर काम रखडतं. आयसीयूत एका नर्सकडे एक किंवा फार तर दोन पेशंट. ती नसेल तर ती खाट बंद. खाट बंद म्हणजे उत्पन्न बंद. आणि हिल-बर्टनने गावोगावी बांधलेल्या त्या हॉस्पिटलांनीही एव्हाना सहा-आठ-दहा खाटांचे आयसीयू काढले होते, कारण आयसीयू नसलेल्या हॉस्पिटलकडे सर्जन यायला तयार नसत. म्हणजे गरज सगळीकडे पसरली, आणि ती गरज भागवणारं माणूस महाग आणि दुर्मीळ.

या फटीत एजन्सी शिरली.

धंद्यातले लोक सुरुवात सांगताना 1978 चं न्यू ऑर्लिन्स सांगतात. मार्डी ग्राचा उत्सव, गावात लाखोंची गर्दी, हॉस्पिटलांवर ताण, म्हणून बाहेरगावच्या नर्सेस ठरावीक मुदतीच्या करारावर आणल्या, अशी ती गोष्ट. मला विचाराल तर उत्सवापेक्षा हवामानाचा वाटा मोठा. उत्तरेकडची म्हातारी माणसं थंडीचे महिने फ्लोरिडात आणि ॲरिझोनात काढतात. त्यामुळे तिथल्या हॉस्पिटलांचा हंगाम असतो, आपल्याकडे साखर कारखान्याचा असतो तसा. हंगामापुरती माणसं लागतात. तेरा आठवडे म्हणजे वर्षाचा बरोबर चौथा हिस्सा, त्यात असा एक हंगाम चपखल बसतो. 1985 मध्ये सॅन डिएगोत सुरू झालेली एक एजन्सी, आजची ए.एम.एन., 2001 मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. ब्युरोची बाई वॉल स्ट्रीटवर पोचली, असं म्हणायला हरकत नाही.

दोन कायद्यांनी या धंद्याला हातभार लावला, आणि दोन्ही कायदे वेगळ्याच हेतूने झालेले होते. 1974 साली खासगी धर्मादाय हॉस्पिटलांतल्या कामगारांना युनियनचं संरक्षण मिळालं, पण संपावर जाण्याआधी दहा दिवसांची नोटीस देण्याची अट घालून. ती पेशंटच्या सुरक्षिततेसाठी, आणि ते योग्यच. पण दहा दिवस म्हणजे दुसऱ्या राज्यांतून विमानाने नर्सेस आणायला पुरेसा वेळ. संपकाळात बदली नर्सेस पुरवणारा एक वेगळाच व्यवसाय त्यावर उभा राहिला. आणि 2000 सालापासून राज्याराज्यांमध्ये परवान्याचा करार सुरू झाला. त्याआधी टेक्ससची नर्स युटामध्ये काम करू शकत नसे, प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा. आता चाळीसच्या आसपास राज्यांत एकच परवाना चालतो. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क मात्र अजून बाहेर.

आता प्रत्यक्ष काम कसं असतं, ते बघा. माझ्या ओळखीतल्या एक मराठी सिस्टर आहेत, मूळच्या सांगली भागातल्या, अमेरिकन नागरिक झालेल्या, त्यांनी अशा सात-आठ ठिकाणी काम केलं आहे. त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. संध्याकाळी सातला पाळी सुरू. ओळख करून द्यायला एक पाळी, फार तर दोन. तिसऱ्या रात्रीपासून दोन पेशंट पूर्णपणे तुमचे. एक व्हेंटिलेटरवर, रक्तदाब टिकवायला नॉरएपिनेफ्रिनचं ड्रिप, ते दर थोड्या मिनिटांनी कमी-जास्त करायचं. तासातासाला लघवी मोजायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे सगळं त्यांना डोळे मिटून येतं. वीस वर्षं तेच केलंय. अडतं कुठे? तर औषधाच्या कपाटाचा कोड. रक्तपेढीचा अंतर्गत फोन नंबर. इथे कोणतं सॉफ्टवेअर, मागच्या ठिकाणी एपिक होतं, इथे मेडिटेक. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पहाटे तीन वाजता कुठल्या डॉक्टरला उठवलं तर तो ऐकून घेतो आणि कुठला खेकसतो. हे कुठल्याही पुस्तकात नसतं. ते शेजारच्या खाटेवरच्या जुन्या नर्सकडे असतं, आणि ती सांगेल की नाही हे तुमचं आणि तिचं कसं जमतं त्यावर.

मोठ्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलात रात्रीही शिकाऊ डॉक्टर आजूबाजूला असतात. गावातल्या हॉस्पिटलात रात्री आयसीयूत पुष्कळदा डॉक्टर नसतोच. इमर्जन्सी विभागातला एखादा, नाहीतर फोनवर. 2000 साली व्हर्जिनियातल्या सेंटारा संस्थेने दुरून कॅमेऱ्यातून आयसीयूवर लक्ष ठेवण्याची सोय सुरू केली आणि नंतर ती बऱ्याच ठिकाणी पसरली. तरीही स्क्रीनवरचा डॉक्टर नळी घालू शकत नाही. पेशंट हाताबाहेर जायला लागला की मोठ्या गावाला हेलिकॉप्टर मागवायचं, आणि आभाळ भरलेलं असेल तर हेलिकॉप्टर येत नाही. तेवढे तास त्या खोलीत नर्सच असते.

वर आणखी एक रीत. बाहेरच्या नर्सला 'आधी फिरवतात'. म्हणजे आयसीयूत पेशंट कमी झाले की दुसऱ्या वॉर्डात पाठवायचं झालं तर पहिला नंबर तिचा. पेशंट फारच कमी झाले तर पाळी रद्द, कधी करारच रद्द. पगाराचीही एक खुबी आहे. तासाचा करपात्र दर कमी दाखवतात आणि उरलेली रक्कम घरभाडं-जेवणाचा भत्ता म्हणून देतात. दुसरीकडे स्वतःचं कायमचं घर चालू असेल तर त्यावर कर लागत नाही. ऐकायला छान. पण म्हातारपणीचं सरकारी पेन्शन करपात्र पगारावर मोजतात, त्यामुळे वर्षानुवर्षं फिरतीवर काढलेल्या बाईला त्याचा हिशेब साठीनंतर कळतो. पन्नास मैलांच्या आत राहणाऱ्याला हे काम मिळत नाही, असा एक नियम सगळे छातीठोकपणे सांगतात. तो सरकारचा मुळीच नाही. हॉस्पिटलांनी घातलेला आहे, आपल्याच नर्सेसनी राजीनामा देऊन जास्त दराने परत येऊ नये म्हणून.

कोविडमध्ये नेमकं तेच घडलं, फक्त पन्नास मैल ओलांडून. 2020 च्या वसंतात न्यूयॉर्कसाठी आठवड्याला दहा-दहा हजार डॉलरच्या जाहिराती निघाल्या. गव्हर्नरने बाहेरच्या राज्यांचे परवाने तात्पुरते मान्य केले. गावातल्या नर्सने बघितलं की आपण वर्षानुवर्षं इथे आहोत, आणि शेजारी काल आलेली मुलगी त्याच पेशंटसाठी आपल्या दुप्पट-तिप्पट घेते. तिने राजीनामा दिला, एजन्सीत गेली, आणि शेजारच्या राज्यातल्या अशाच एका हॉस्पिटलात रुजू झाली, जिथली नर्स कदाचित हिच्या जागी आली असेल. देशातल्या नर्सेसची संख्या एकानेही वाढली नाही. अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनने दिलेल्या आकड्यांप्रमाणे 2019 मध्ये नर्सेसवरच्या खर्चातला 4.7 टक्के वाटा कंत्राटी नर्सेसचा होता, जानेवारी 2022 मध्ये तो 38.6 टक्के झाला. हे मध्यक आहेत, काही ठिकाणी याहून जास्त. त्याच महिन्यात काँग्रेसच्या जवळपास दोनशे सदस्यांनी व्हाइट हाउसला पत्र लिहून एजन्स्यांच्या नफ्याची चौकशी मागितली. नर्सेसना वाटलं, आता आपल्या पगारावर मर्यादा येणार. 12 मे 2022 ला, नाइटिंगेलच्या जन्मदिवशी, त्या वॉशिंग्टनमध्ये मोर्चा घेऊन उतरल्या.

आपल्याकडेही नर्सेसची हीच ओढाताण झाली, फक्त बाजाराऐवजी सरकारी पत्रातून. मे 2020 मध्ये महाराष्ट्राने केरळ सरकारला पत्र लिहून मुंबईसाठी 50 डॉक्टर आणि 100 नर्सेस मागितल्या होत्या.

या सगळ्यात 'निष्ठा' हा शब्द सारखा ऐकू येत होता. कायम नर्स निष्ठावान, फिरती नर्स पैशाच्या मागे. आणि त्याला जोडून भीती, की परक्या नर्सच्या हातात पेशंट सुरक्षित नाही. यावर अभ्यास झालेला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लिंडा एकन यांच्या गटाने 2007 मध्ये दाखवलं की तात्पुरत्या नर्सेसची पात्रता कायम नर्सेसपेक्षा कमी नव्हती. जिथे अशा नर्सेस जास्त आणि परिणाम वाईट, तिथे मुळात कामाची परिस्थितीच वाईट होती, म्हणून तर त्या बोलवाव्या लागल्या. याच गटाचा 2002 चा अभ्यास जास्त गाजला. पेनसिल्व्हेनियातली 168 हॉस्पिटलं, शस्त्रक्रियेचे दोन लाखांहून जास्त पेशंट. एका नर्सकडे सरासरी एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली आढळली. कॅलिफोर्नियाने 1999 मध्येच कायदा करून नर्समागे किती पेशंट याची मर्यादा ठरवायचं पक्कं केलं होतं, ती 2004 पासून लागू झाली. बाकीच्या बहुतेक राज्यांनी हा रस्ता धरला नाही. त्यापेक्षा तेरा आठवड्यांसाठी माणूस आणणं त्यांना सोपं वाटलं. तो खर्च जास्त होता, पण तात्पुरता म्हणून खपून जात होता. कायम नर्सचा पगार एकदा वाढवला की खाली येत नाही, खरी भीती ती.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवून विचारलं आहे की त्यांची मुलगी इथे आयसीयूत काम करते, तिला असं जाता येईल का. उत्तर थोडं सविस्तर देतो, कारण त्यात या इतिहासाची दुसरी बाजू आहे.

ज्या 1965 साली मेडिकेअर आलं, त्याच वर्षी अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदाही बदलला आणि आशियातल्या शिकलेल्या माणसांना दार उघडलं. फिलिपिन्समधून नर्सेसची ये-जा 1948 पासूनच होती, आता तिथून आणि केरळातून मोठ्या संख्येने नर्सेस गेल्या. त्यातल्या कित्येक केरळी मुली आधी मुंबईच्या हॉस्पिटलांत काम करून गेलेल्या. 1989 मध्ये तर खास नर्सेससाठी वेगळा तात्पुरता व्हिसा काढला होता, पुढे तो संपला. आज एन-क्लेक्स परीक्षा द्यावी लागते, इंग्रजीची परीक्षा, कागदपत्रांची छाननी, आणि मग ग्रीन कार्डची रांग. भारतात जन्मलेल्यांसाठी ही रांग दहा वर्षांहून लांब आहे. मधल्या एजन्सीकडून गेलं तर करार होतो तो तेरा आठवड्यांचा नसतो, दोन-तीन वर्षांचा असतो, आणि मध्येच सोडलं तर दंड.

एकाच आयसीयूत, शेजारशेजारच्या खाटांवर, या दोन नर्सेस असू शकतात. एक तेरा आठवड्यांनी निघून जायला मोकळी, म्हणून तिला जास्त पैसे. दुसरी निघून जाऊ शकत नाही, म्हणून तिला कमी. 2019 साली न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टापुढे अशीच केस आली. फिलिपिन्सहून आलेल्या दोनशेहून अधिक नर्सेसच्या करारात, मुदतीआधी सोडलं तर 25,000 डॉलर भरायची अट होती. कोर्टाने ती अट रद्द ठरवली आणि मालकांनी मानवी तस्करीविरोधी कायद्याचा भंग केल्याचंही म्हटलं. तेव्हा ताई, मुलीला जायचं असेल तर जाऊ द्या, पण सही करण्याआधी करारातलं दंडाचं कलम कुणा वकिलाला दाखवून घ्या. परीक्षेची तयारी मात्र आत्तापासून करायला हरकत नाही.